कोड शिकताना ‘आपल्याला जमेल ना?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना मी काही वर्षं मदत करते आहे. त्यांचे प्रश्न दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारचे मोठ्याने विचारले जातात: लूप थांबत का नाही, डेटा येतोय पण दिसत का नाही. दुसऱ्या प्रकारचे बहुतेक वेळा लॅपटॉप मिटता मिटता येतात, तेही इकडेतिकडे बघत. हे पान त्या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. क्रमाने वाचायची गरज नाही. ज्या प्रश्नाने तुम्हाला इथवर आणलं, त्यावर थेट जा.

सहा महिने झाले, तरी रोज कुठे ना कुठे अडकतो. मला हे जमणारच नाही असं समजायचं का?

रोज अडकता यावरून एवढंच कळतं की तुम्ही रोज कोड लिहिता.

१९४९ साली केंब्रिजमध्ये एडसॅक हा संगणक नुकताच चालू झाला होता. तो बांधणाऱ्या गटाचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी त्यावर आपला पहिला जरा मोठा प्रोग्रॅम चालवायला घेतला. प्रोग्रॅम होता १२६ ओळींचा. तो ज्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर होता ती मूळ पट्टी कित्येक वर्षांनी सापडली आणि तपासली गेली, तेव्हा तिच्यात वीसेक चुका निघाल्या. म्हणजे सहा-सात ओळींमागे एक, आणि तीही ज्याने यंत्र बांधलं त्याच्याच हातून. विल्क्स यांनी आठवणींत लिहिलंय की त्या दिवसांत एकदा जिना चढता-उतरताना त्यांना लख्ख जाणवलं: आपल्या उरलेल्या आयुष्यातला बराच वेळ आता स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार. तसंच झालं. आणि त्यांच्यानंतर या कामात पडलेल्या प्रत्येकाचं तेच झालंय.

म्हणून ‘किती वेळा अडकलो’ हे मोजू नका, ‘कुठे अडकलो’ ते बघा. सहा महिन्यांपूर्वी कंस बंद करायचा राहिला म्हणून अडकत होतात आणि आता एका फंक्शनमधली माहिती दुसऱ्यात कशी न्यायची यावर अडकताय, तर तुम्ही बरंच अंतर कापलंय. सहा महिने त्याच एका खड्ड्यात पडत असाल, तर शिकण्याची पद्धत बदलायला हवी. त्यातूनही तुमच्या कुवतीबद्दल काही सिद्ध होत नाही.

आणखी एक. ‘मला जमत नाही’ याचं उत्तर कुठल्याही डीबगरकडे, म्हणजे चुका शोधायच्या साधनाकडे, नसतं. ‘तिसऱ्या फेरीनंतर ही यादी रिकामी का होते?’ याचं असतं. शंका मोठी झाली की तिला कापत कापत एका ओळीपर्यंत आणायचं. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी हेच वेगवेगळ्या वाटांनी सांगणार आहे, तेव्हा आधीच माफी मागून ठेवते.

अगदी साधं अल्गोरिदम लिहायला दोन दिवस लागले. बाकीच्यांना म्हणे अर्ध्या तासात जमतं.

कुठलं अल्गोरिदम? बायनरी सर्च असेल तर तुम्ही फारच चांगल्या संगतीत आहात. क्रमाने लावलेल्या यादीच्या मधोमध बघायचं, हवं ते लहान असेल तर डावीकडे जायचं, मोठं असेल तर उजवीकडे. कल्पना लहान मुलालाही समजते. ती १९४६ साली छापून आली, पण कुठल्याही लांबीच्या यादीवर बरोबर चालेल अशी आवृत्ती छापून यायला १९६० च्या आसपासचा काळ उजाडला. पुढे जॉन बेंटली या संगणकशास्त्रज्ञांनी आपल्या वर्गांत व्यावसायिक प्रोग्रॅमरना दोनेक तास देऊन हेच लिहायला लावलं. दहातल्या नऊ जणांच्या कोडमध्ये चूक निघाली.

गोष्ट इथेही संपत नाही. जावा भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्येच नऊ वर्षं एक बग, म्हणजे चूक, दडून बसला होता आणि २००६ मध्ये तो जाहीर झाला. मधला क्रमांक काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून दोनने भागायचं, एवढंच त्या ओळीत होतं. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण व्हायची. तो कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी स्वतःच ही चूक सगळ्यांना सांगितली.

‘साधं’ हा शब्द या क्षेत्रात फार सैल वापरला जातो. अर्ध्या तासात लिहिणाऱ्याने ते आधी चार वेळा लिहिलेलं असतं, आणि ते तो सांगत नाही.

ट्युटोरियल बघताना सगळं कळतं. कोरी फाइल उघडली की एक ओळ सुचत नाही. मग इतके दिवस मी काय शिकले?

मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच सोडून जातात. म्हणून जरा सविस्तर.

दुसऱ्याने लिहिलेलं ओळखणं आणि स्वतः आठवून लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. गाणं ऐकताना पुढची ओळ ओठांवर येते, पण गाणं बंद केलं की दुसरं कडवं आठवत नाही, तसंच हे. व्हिडिओ बघताना तुम्हाला जे ‘कळलं’ ते खोटं नव्हतं, फक्त ते ओळखण्यापुरतं होतं.

याचा एक चांगला प्रयोग झालेला आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. मला यातली खरी गंमत वाटते ती अशी, की ‘आपल्या जास्त लक्षात राहील’ याची खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. म्हणजे शिकताना वाटणारा आत्मविश्वास आणि खरोखरचं शिकणं यांची दिशा उलटीसुद्धा असू शकते. कोऱ्या फाइलपुढे तुमचे हात थांबतात, तेव्हा जो त्रास होतो तो शिकण्याचाच असतो. व्हिडिओसमोर बसल्यावर वाटणारं सुख फसवं निघू शकतं.

मग काय करायचं? दहा मिनिटं बघा, थांबवा, खिडकी बंद करा आणि तेवढाच तुकडा न बघता लिहा. अडलं तर आधी मराठीत लिहा: ‘यादीतला प्रत्येक आकडा घे, सम असेल तर बेरजेत टाक.’ मग एकेका वाक्याचा कोड करा. जमलं की त्यात एक गोष्ट बदला. त्यांनी कामांची यादी केली असेल, तर तुम्ही तिला तारीख जोडा. ही एक छोटी अट बदलताना जे डोकं खाजवावं लागतं, ते पुढच्या पाच व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवतं.

याचा अर्थ ट्युटोरियल बघणं पाप आहे असा नाही. अगदी सुरुवातीला सोडवलेली उदाहरणं वाचणं फायद्याचंच असतं, कारण तेव्हा डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं. जॉन स्वेलर या मानसशास्त्रज्ञांचं १९८० च्या दशकातलं संशोधन याच मुद्द्यावर आहे. अडचण होते ती दहावं ट्युटोरियल चालू करताना, नववं अजून एकदाही न बघता लिहिलेलं नसताना.

लाल अक्षरांत एरर आली की हातपाय गळतात. मी लगेच सगळा कोड पुसून पुन्हा लिहायला लागतो.

पुसू नका. एरर म्हणजे शेरा नव्हे, पत्ता आहे. कुठे वाचायचं ते एकदा कळलं की भीती निम्मी होते. पायथनमध्ये सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचा, काय बिनसलं ते तिथे असतं. मग वर सरकत तुम्ही स्वतः लिहिलेल्या फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक शोधा. जावाच्या लांबलचक मजकुरात ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी शेवटची ओळ गाठा. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये उलटं: पहिलीच एरर दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करा. खालच्या चाळीस बऱ्याचदा तिचीच पिल्लं असतात.

मी शिकत असताना एकदा जवळजवळ दोन दिवस एकाच बगवर घालवले. काहीही बदललं तरी पडद्यावर फरक पडेना. शेवटी कळलं की मी एक फाइल बदलत होते आणि चालवत होते तिचीच दुसऱ्या फोल्डरमधली जुनी प्रत. तेव्हापासून काही विचित्र दिसलं की मी आधी कोडमध्ये मुद्दाम एक चुकीचं अक्षर टाकते. तरीही प्रोग्रॅम सुखाने चालला, तर आपण भलत्याच घरात दिवे लावतोय हे समजतं. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही. त्या दोन दिवसांची कमाई आहे ती, आणि ते दोन दिवस मी स्वतःला फार घालूनपाडून बोलले होते.

सिंटॅक्स आठवत नाही. सारखं शोधावं लागतं. खऱ्या डेव्हलपरला असं करावं लागतं का?

हो. दिवसभर. तारखेचं फॉरमॅटिंग आणि रेग्युलर एक्स्प्रेशन तर मी दर वेळी नव्याने शोधते. काय शोधायचं ते कळत असेल तर काळजीचं काही नाही.

मला ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ आहे का?

हा शब्द हल्ली इतका स्वस्त झालाय की आधी त्याचं मूळ सांगते. पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एक लेख लिहिला. दीडशेहून जास्त कर्तबगार स्त्रियांशी झालेल्या कामातून त्यांना दिसलं की पदव्या आहेत, मान आहे, तरीही या स्त्रियांना आतून वाटत राहतं की आपण लोकांना फसवतोय आणि एक दिवस आपलं पितळ उघडं पडणार. त्यांनी याला ‘सिंड्रोम’ म्हटलंच नव्हतं, ‘फिनॉमिनन’ म्हणजे आढळणारी एक गोष्ट म्हटलं होतं. तो आजार नाही, त्याचं निदान होत नाही.

आता माझं मत, पटलं तर घ्या. नवशिक्याला हे लेबल बऱ्याचदा लागूच पडत नाही. तोतया होण्यासाठी आधी कुणीतरी असल्याचा आव आणावा लागतो. तुम्ही शिकताय आणि तुम्हाला अजून बरंच येत नाही, ही निव्वळ वस्तुस्थिती आहे, तिला सिंड्रोम कशाला म्हणायचं? उलट ते लेबल चिकटवलं की ‘मला येतंच, फक्त तसं वाटत नाही’ असा एक सोयीचा गैरसमज तयार होतो आणि जे खरंच शिकायचं राहिलंय ते राहूनच जातं.

मग ओळखायचं कसं? पुराव्याने. एक वही किंवा साधी टेक्स्ट फाइल ठेवा. दर आठवड्याला दोन ओळी: काय अडलं होतं, कसं सुटलं. बस. ‘छान वाटलं’, ‘वाईट वाटलं’ असलं काही लिहायचं नाही. तीन महिन्यांनी वाचा. वहीत सुटलेल्या गोष्टींची रांग दिसत असेल आणि तरीही मन ‘तू फसवा आहेस’ म्हणत असेल, तर क्लान्स आणि आइम्स यांनी सांगितलेली भावना ती हीच. वही रिकामी असेल तर सराव वाढवायला हवा. दोन्ही बाबतींत काय करायचं ते स्पष्ट होतं. नुसतं मनाला विचारत बसलं तर दोन्ही बाबतींत उत्तर सारखंच येतं.

माझ्यासोबत सुरू केलेले पुढे निघून गेले. त्यांचा कोड बघितला की स्वतःची लाज वाटते.

त्यांचा कोड म्हणजे शेवटची आवृत्ती. आधीच्या खाडाखोडी तुम्हाला दिसत नाहीत. तुम्ही तुमचा कच्चा खर्डा त्यांच्या पक्क्या प्रतीशेजारी ठेवून बघताय.

पक्क्या प्रतीमागे काय असतं याची एक नोंद उपलब्ध आहे. डोनाल्ड नुथ यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली १९७८ पासून बांधली आणि तिच्यात केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची वही ठेवली. १९८९ मध्ये ती सगळी यादी त्यांनी छापून टाकली. साडेआठशेच्या वर नोंदी होत्या. त्यात बारीक टायपिंगच्या चुका आहेत, तशा ‘मी चुकीचा विचार केला’ या जातीच्याही आहेत. नुथ हे संगणकशास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांना ही यादी लपवावीशी वाटली नाही, याचा मी अनेकदा विचार करते.

कुणाशी तुलना करायचीच असेल तर त्यांचा जुना कमिट इतिहास, म्हणजे वेळोवेळी जतन केलेल्या बदलांची यादी, उघडा. ‘फिक्स’, ‘पुन्हा फिक्स’, ‘आता तरी चाल’ असले संदेश वाचून मन हलकं होतं.

शिकायला इतकं आहे की कुठून सुरू करू तेच कळत नाही. दर महिन्याला नवं फ्रेमवर्क (ज्यावर प्रोग्रॅम उभा करायचा तो तयार सांगाडा) येतं.

वरची पानं दर मोसमात झडतात, खोड तेच राहतं. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल, तिची सुरुवात १९७४ ची आहे आणि आजही ती शिकलेली वाया जात नाही. एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याचे नियम, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहेत; कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट २००५ पासून. एक भाषा, एक डेटाबेस, गिट आणि ब्राउझर सर्व्हरशी कसं बोलतो एवढं धरा. बाकीच्या नावांची यादी करून बाजूला ठेवा. सहा महिन्यांनी ती उघडलीत, तर त्यातली काही नावं कुणी घेतही नसेल.

प्रश्न विचारला तर लोक मूर्ख समजतील, या भीतीने मी तासन्‌तास एकटीच झगडत बसते.

एकटं झगडणं थोडा वेळ चांगलं. मी स्वतःला पाऊण तास देते. तेवढ्यात नवं काही कळत नसेल, तर विचारायचं. पाऊण तास सरल्यावरही गप्प बसणं याला मी चिकाटी म्हणत नाही, तो संकोच आहे.

विचारण्यात एक तंत्र आहे आणि ते आलं की मूर्ख दिसण्याची भीती बरीचशी जाते. चार गोष्टी लिहायच्या: मला काय व्हायला हवं होतं, मी काय केलं, प्रत्यक्षात काय झालं (एररचा मजकूर जसाच्या तसा, स्क्रीनचा तिरका फोटो नको), आणि आतापर्यंत काय करून बघितलं. सोबत, त्रास देणारा भाग कापत कापत वीस-तीस ओळींवर आणलेला कोड. ‘माझं चालत नाहीये, प्लीज मदत करा’ या प्रश्नाला अनुभवी माणूससुद्धा काय उत्तर देणार?

आणि हे चार मुद्दे लिहिता लिहिताच कितीदा तरी उत्तर सापडतं. टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला कोड ओळीओळीने समजावून सांगायची प्रोग्रॅमर मंडळींची जुनी पद्धत आहे, ती याचसाठी. बदक काही बोलत नाही, पण ‘आणि मग इथे किंमत पाच होते’ असं आपण मोठ्याने म्हणतो तेव्हा आपल्यालाच शंका येते: होते का खरंच?

माझ्या पहिल्या कोड रिव्ह्यूला (सहकाऱ्यांनी कोड तपासला तेव्हा) सत्तावीस कमेंट आल्या. मला परत तिकडे तोंड दाखवावंसं वाटत नाही.

सत्तावीस कमेंट आल्या म्हणजे कुणीतरी सगळा कोड वाचला. न वाचता मंजुरी मिळणं जास्त वाईट.

कमेंटचे ढीग करा. नावं आणि मोकळ्या जागांसारख्या शैलीच्या बाबी एका बाजूला, त्यांची संख्या नेहमी जास्त असते. खऱ्या चुका दुसऱ्या बाजूला. ‘असं का केलंस?’ असे प्रश्न तिसऱ्या, आणि त्यांना आरोप समजू नका, सरळ उत्तर द्या. सत्तावीसमधून खऱ्या चुका बहुधा चार-पाच निघतात. त्यातली एखादी पटली नाही तर तसं सांगायलाही हरकत नाही. पण रिव्ह्यूमध्ये कुणी कोड सोडून तुमच्यावरच बोलत असेल, ‘तुला एवढंही येत नाही?’ असल्या सुरात, तर तो रिव्ह्यू नाही. ते तिथल्या मेंटरच्या किंवा प्रमुखाच्या कानावर घालायला हवं.

घरी बसून सुटणारे प्रश्न मुलाखतीत सुटत नाहीत. डोकं पांढरं पडतं. म्हणजे मला येत नाही ना?

येत नाही असं नाही. कुणी बघत असताना येत नाही, आणि तो वेगळा मुद्दा आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्ट इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासलं. संगणकशास्त्राचे ४८ विद्यार्थी घेतले. निम्म्यांनी मुलाखतकारासमोर फळ्यावर, मोठ्याने बोलत प्रश्न सोडवला. उरलेल्यांनी तोच प्रश्न बंद खोलीत एकट्याने सोडवला. ज्यांच्याकडे कुणी बघत होतं त्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. समोर मुलाखतकार असलेल्या गटातल्या एकाही मुलीला प्रश्न सुटला नाही, एकट्याने बसलेल्या सगळ्या मुलींना सुटला. गट लहान होता, त्यामुळे शेवटच्या आकड्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण दबावाखाली घसरणं हे एकट्या तुमचं नाही, एवढं यातून नक्की कळतं.

उपाय कंटाळवाणा आहे: बघणाऱ्यासमोर सराव. मित्र, बहीण, कुणीही, कोड न कळणारं असलं तरी चालेल. प्रश्न मोठ्याने वाचा, गृहीतकं बोलून दाखवा, आधी सगळ्यात बावळट पण चालणारं उत्तर सांगा, मग ते सुधारा. डोकं पांढरं पडलं तर ‘मला एक मिनिट हवंय, एक छोटं उदाहरण कागदावर करून बघते’ असं सरळ म्हणा. हे वाक्यच आधी पाठ करून ठेवा, कारण नेमकं तेव्हाच ते सुचत नाही. आणि नकार आला, तर त्या दिवशीच्या त्या तासाचा म्हणून घ्या.

माझ्या हातून काही मोडलं तर? या भीतीने मी काही बदलायलाच घाबरतो.

शिकताना मोडलेलं जवळजवळ सगळं परत आणता येतं, जर तुम्ही वरचेवर कमिट करत असाल तर. चुकून ब्रँच (कोडची वेगळी काढलेली शाखा) उडवली तरी गिटची ‘रीफ्लॉग’ ही कमांड आधीचे कमिट बऱ्याचदा दाखवते. मुद्दाम एकदा सरावाचा प्रोजेक्ट मोडून परत जोडून बघा. ती एक दुपार पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडते.

कामावर रुजू झाल्यावरची भीती मोठी असते, म्हणून हेही सांगते. ३१ जानेवारी २०१७ ला लोकांचा कोड ऑनलाइन साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनीयरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसण्याची कमांड दिली. मुख्य डेटाबेस गेला. मग कळलं की बॅकअपच्या बहुतेक व्यवस्था मुळात चालतच नव्हत्या. सुदैवाने सहाएक तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली. कंपनीने ते दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर काय चुकलं ते सविस्तर छापलं. दोष एका माणसावर न ढकलता बॅकअप कुणी तपासत का नव्हतं यावर बोट ठेवलं. चांगल्या ठिकाणी असंच होतं. नवख्या माणसाला एका कमांडमध्ये सगळं उडवता येत असेल, तर दोष त्या रचनेत आहे.

एआयच कोड लिहितं, मग मी एवढी धडपड कशासाठी करू? आणि त्याची मदत घेतली तर ते माझं म्हणायचं का?

पहिल्या प्रश्नावर कुणी ठाम भविष्य सांगत असेल तर मी जपूनच ऐकते. सध्या दिसतं ते एवढं: ही साधनं दिसायला उत्तम आणि मधेच सपशेल चुकीचा कोड देतात, आणि तो चुकलाय हे ओळखायला वाचता यावं लागतं. वाचता येण्यासाठी काही काळ स्वतः लिहावं लागतं. त्याला बगल देता आलेलं मी अजून कुणाला पाहिलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाला माझी एक कसोटी आहे. खिडकी बंद करा आणि त्या कोडमध्ये एक लहान बदल स्वतः करा. जमला, तर कोड तुमचा. नाही जमला, तर तो अजून उसना आहे. त्यात गुन्हा काही नाही, पण स्वतःला तसं सांगून ठेवा. शिकण्याच्या काळात मी ‘लिहून दे’ऐवजी ‘मी लिहिलेलं का चुकतंय ते सांग, उत्तर देऊ नकोस’ असं विचारायला सांगते. कोडं तुमच्याकडेच राहतं.

गणित कच्चं आहे, पदवी दुसऱ्याच विषयातली आहे, वयही विशीतलं नाही. उशीर झालाय का?

वेबसाइट, ॲप, डेटाबेसच्या रोजच्या कामाला शाळेतल्या गणिताच्या फार पुढे जावं लागत नाही. ग्राफिक्स, मशीन लर्निंग, क्रिप्टोग्राफीत लागतं. वयाचं म्हणाल, तर मोठ्या माणसाला वेळ कमी मिळतो, ही अडचण खरी आहे. पण आधीच्या कामाची जाण असते, आणि हिशेब, रुग्णालय किंवा गोदाम कसं चालतं ते ठाऊक असलेला प्रोग्रॅमर सहज मिळत नाही.

रोज दहा-बारा तास बसतो, तरी डोक्यात काही शिरत नाही.

बहुधा म्हणूनच शिरत नसेल. नव्याने शिकताना तीन-चार तासांचं एकाग्र काम पुष्कळ होतं, त्यापुढे आपण नुसत्या पाट्या टाकतो. रात्री एक वाजता न सुटलेला बग सकाळी दहा मिनिटांत सुटतो, हा अनुभव या धंद्यात जवळपास प्रत्येकाला आहे. उठा, झोपा. झोप कापून मिळवलेले तास दुसऱ्या दिवशी व्याजासकट परत द्यावे लागतात.

‘बर्नआउट’ हा शब्दही तुम्ही ऐकला असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवला आहे. तिची तीन लक्षणं: शक्ती संपून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. एकटं तिसरं असेल तर ती शिकण्यातली नेहमीची शंका असू शकते. तिन्ही एकदम ठाण मांडून बसली असतील, तर वेळापत्रक खरंच बदलायला हवं.

हे नुसतं दडपण आहे की त्यापलीकडचं काही, हे कसं ओळखायचं?

कोड बाजूला ठेवल्यावर बरं वाटतं का, हे बघा. दडपण बहुतेक वेळा सुटीत ओसरतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज मन उदास राहत असेल, आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. सराव किंवा वेळापत्रक बदलून हे बरं होत नाही. आणि जगणंच नको असे विचार येत असतील, तर आत्ता, हे पान बंद करून, जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या. कोर्स, मुलाखत, नोकरी, सगळं थांबू शकतं.

सोडून द्यावं असं वाटतं. ते हार मानणं आहे का?

नाही. पण वाईट दिवशी ठरवू नका. आठ आठवड्यांनंतरची एक तारीख ठरवा, तोवर एक छोटी वस्तू पूर्ण करा, स्वतःला उपयोगी पडेल अशी. त्या तारखेला एकच विचारा: बग सुटतो त्या क्षणी मला मजा येते का? येत असेल तर वेग कमी असला तरी चालतं. कधीच येत नसेल, तर टेस्टिंग, तांत्रिक लेखन, डिझाइन, डेटाचं विश्लेषण अशी शेजारची कामं आहेत, तिथे हे शिकलेलं उपयोगी पडतं. किंवा अगदी वेगळं काही करा. मी ओळखते त्यातल्या दोघांनी सोडलं, आणि दोघंही मजेत आहेत.

घरचे रोज विचारतात, ‘कुठवर आलं?’ काय सांगू?

त्यांना तुम्ही दिवसभर पडद्याकडे बघत बसलेले दिसता, आणि संध्याकाळी चेहरा पडलेला. बाहेरून या कामात काहीच घडताना दिसत नाही, म्हणून ते विचारतात. ‘चालू आहे’ म्हणून उठून जाऊ नका. काहीतरी चालवून दाखवा, कितीही लहान. माझ्याकडे शिकणाऱ्या एकीने औषधांच्या वेळेची आठवण करून देणारं एक पान बनवलं, दोन बटणांचं, रंगसंगती भयंकर. आईच्या फोनवर टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी आईने ‘कुठवर आलं?’ विचारलं नाही. अक्षर मोठं करून दे म्हणाली.